‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर घेऊन परतण्यापूर्वी

आपल्या प्रश्नातील हकीकत इतर वाचकांच्या सोयीसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपण, आपल्या पत्नी आणि दोन मुली न्यू जर्सीत राहता. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपला क्रमांक जवळ आल्यामुळे कंपनीच्या वकिलाने जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र मागितले आहे, आणि पुण्यातील आपले धाकटे बंधू सहा आठवडे त्यासाठी हेलपाटे घालत आहेत. आपला जन्म १९८१ चा, कॅम्पातील एका प्रसूतिगृहातला. पण महापालिकेच्या कार्यालयात ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर मिळाले. पत्नींचा जन्म १९८४ चा, वाईचा. नोंद आहे, पण तीत बाळाचे नाव नाही, आणि त्यातच लग्नात त्यांचे पहिले नावही बदलले. थोरली मुलगी २०१२ मध्ये आजोळी, म्हणजे वाईलाच जन्मली. तिच्याही दाखल्यावर नावाची जागा मोकळी आहे. एक एजंट म्हणतो, आपल्यासाठी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेऊन टाका; दुसरा म्हणतो, सर्व कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून सरकारकडून होणारे प्रमाणन, करून घ्या; तिसरा म्हणतो, पत्नींचा पासपोर्टच माहेरच्या नावाने नवा काढा. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की तूर्त तिघांचेही ऐकू नये. तिघांचा सल्ला कोठे ना कोठे योग्य ठरतो, परंतु आपल्या प्रकरणात पहिला सल्ला घाईचा आहे, दुसरा अनावश्यक आहे आणि तिसरा नुकसान करणारा आहे.

मी पुण्यात शिवाजीनगरला वकिली करतो आणि गेली बावीस वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग परदेशी राहणाऱ्या कुटुंबांचे इकडचे कागद काढून देण्याचा आहे. अमेरिकेच्या कायद्याचा मी वकील नाही, त्यामुळे अर्जासोबत नेमके काय जोडायचे याबाबत आपल्या तिकडच्या वकिलाचाच शब्द अखेरचा मानावा. इकडे कोणती नोंद कोठे असते, ती का सापडत नाही आणि सापडल्यावर तिच्याशी काय करावे, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. कार्यालयागणिक पद्धत थोडी बदलते, जुन्या रजिस्टरांची अवस्थाही बदलते, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

प्रथम अडचण नेमकी काय आहे ते पाहू. आपण तिला ‘नावांचा घोळ’ म्हटले आहे. माझ्या मते घोळ मुळीच नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत कागदांची हीच स्थिती असते. बारशाच्या आधी जन्माची नोंद होते म्हणून नावाचा रकाना मोकळा राहतो, पहिले बाळंतपण माहेरी होते म्हणून मुलाची नोंद भलत्याच गावी असते, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते, पण त्या ताटाची पावती कोणी देत नाही. हे सारे आपल्याला इतके ठाऊक असते की ते समजावून सांगण्याची गरजच वाटत नाही. तिकडच्या अधिकाऱ्यापुढे मात्र केवळ कागद असतात. जन्म कधी, कोठे व कोणाच्या पोटी झाला, आणि जन्मनोंदीतील बाळ, शाळेतील मुलगी, लग्नातील वधू व पासपोर्टवरील स्त्री ही एकच व्यक्ती कशावरून, एवढे त्याला कागदांतूनच दिसले पाहिजे. सगळे कागद एकसारखे करण्याच्या मागे लागण्यापेक्षा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाणारी वाट त्याला दाखवणे हे आपले काम आहे.

आता आपल्या स्वतःच्या नोंदीकडे येतो, कारण सर्वांत मोठी चूक तेथेच होऊ घातली आहे. जन्माची नोंद आईवडील राहत असलेल्या ठिकाणी होत नाही, जेथे जन्म झाला त्या हद्दीत होते. आपले घर सदाशिव पेठेत होते म्हणून बंधू महापालिकेत गेले. परंतु आपला जन्म कॅम्पात झाला आणि कॅम्प ही महापालिकेची हद्द नाही. पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे लष्करी छावणीच्या भागांचा कारभार पाहणाऱ्या संस्था, यांची जन्ममृत्यूची रजिस्टरे स्वतंत्र आहेत. कॅम्प आणि त्याला लागून असलेला वानवडी-घोरपडीचा काही भाग पुणे कॅन्टोन्मेंटात मोडतो. स्वारगेटहून पूलगेटला जाताना हद्द कोठे बदलली हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही, पण जन्माच्या रजिस्टराला ती चांगली ठाऊक असते. महापालिकेने नोंद नसल्याचे सांगितले ते खरेच असणार. त्या रजिस्टरात ती असण्याचे कारणच नव्हते.

हद्दीचा हा प्रश्न केवळ कॅम्पापुरता नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ मध्ये झाली, त्यापूर्वी तेथे नगरपालिका होती. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या गावांतील जुने जन्म ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदलेले असतात, आणि त्याहून जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तो पाहावा लागतो. म्हणून माझ्याकडे कोणी आले की मी पहिला प्रश्न गावाचा विचारत नाही, प्रसूतिगृह कोठे होते हे विचारतो.

दुसरी गोष्ट शोधण्याच्या पद्धतीची. बंधूंनी खिडकीवर आपले पूर्ण नाव सांगितले आणि कर्मचाऱ्याने संगणकात तेच शोधले, असे आपल्या मजकुरावरून दिसते. परंतु १९८१ च्या नोंदीत आपले नाव असण्याचा संभव फार कमी आहे. तेथे ‘मुलगा’ असा शब्द, वडिलांचे नाव, आईचे नाव, पत्ता आणि जन्मस्थळ असेल. म्हणून शोध वडिलांच्या नावाने आणि तारखेने घ्यावा. वडिलांचे आडनाव रजिस्टरात कसे लिहिले गेले असेल याच्या दोन-तीन शक्यता कागदावर लिहून न्याव्यात. घरात ‘देव’ म्हणवून घेणाऱ्यांची नोंद मी ‘देवकर’ या नावाखाली पाहिली आहे. शिवाय हस्तलिखित रजिस्टर नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने चालते. रुग्णालयाकडून वर्दी उशिरा आलेली असली तर ६ मार्चचा जन्म मार्चअखेरच्या पानावर सापडतो. जन्मतारखेपासून पुढचे दोन महिने पाहिल्याशिवाय नोंद नाही असे मी तरी मानत नाही. संगणकावर चढवताना जुनी पाने सुटलेली असू शकतात, तेव्हा मूळ रजिस्टर पाहण्याची लेखी विनंती करावी. ते पान समोर आल्यावर कडेच्या फाटक्या बाजूला बोट न लावता तारीख, दोन्ही पालकांची नावे आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, आणि मगच दाखल्याचा अर्ज भरावा.

आधी पाहावे आणि मग मागावे, असे मी म्हणतो त्याला कारण आहे. नोंदीतील तारीख आणि पासपोर्टवरील तारीख यांत एका दिवसाचा फरक निघाल्याची प्रकरणे माझ्याकडे दरवर्षी येतात. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. रात्री दोन वाजता झालेला जन्म आजीच्या हिशेबी गुरुवारचाच असतो आणि शाळेत तीच तारीख सांगितली जाते. रुग्णालय मात्र मध्यरात्रीनंतर शुक्रवारची तारीख लिहिते. खेड्यापाड्यांत तर शाळाप्रवेशासाठी १ जून लिहिण्याची रीतच होती. असा फरक निघाला तर घाबरून नोंद दुरुस्त करायला धावू नये आणि दाखला लपवूही नये. त्या पानाचा तपशील आपल्या वकिलाला कळवावा आणि त्याच्या निर्णयाप्रमाणे पुढे जावे.

आता अनुपलब्धतेच्या दाखल्याविषयी. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली निबंधक शोध घेऊन नमुना १० मध्ये असा दाखला देतो. एजंटांना तो आवडतो, कारण रजिस्टर धुंडाळण्यापेक्षा तो मिळवणे सोपे असते. पण महापालिकेचा ‘आमच्याकडे नोंद नाही’ हा दाखला अर्जाला जोडला आणि पुढे कधी कॅन्टोन्मेंटातील खरी नोंद समोर आली, तर आपण खोटे बोललो नसतानाही खोटे ठरण्याची वेळ येते. आणि जन्मस्थळ म्हणून कॅम्प लिहायचे व दाखला महापालिकेचा जोडायचा, ही विसंगती पुणे ठाऊक असलेल्या कोणाच्याही नजरेस लगेच येईल. ज्या कार्यालयात नोंद असायला हवी होती त्याच कार्यालयाचा हा दाखला उपयोगी असतो.

समजा, कॅन्टोन्मेंटातही खरोखरच नोंद निघाली नाही. मग काय? काही जण अशा वेळी आज नव्याने नोंद करून घेण्याचा सल्ला देतात. एक वर्षाहून अधिक उशिराच्या नोंदीस दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो मिळतोही. परंतु ४० वर्षांनंतर केलेल्या नोंदीवर नोंदणीची तारीख ठळक दिसते आणि तिकडचे अधिकारी अशा दाखल्याला कमी वजन देऊन वर आणखी पुरावे मागतात, असा माझ्या पक्षकारांचा अनुभव आहे. म्हणून अशा प्रकरणात मी अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रे हा मार्ग सुचवतो. अमेरिकेच्या नियमांची उतरंडही तशीच आहे: मूळ नोंद नसेल तर दुय्यम पुरावा, आणि तोही अपुरा असेल तर घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व अर्जात पक्षकार नसलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे.

‘प्रत्यक्ष माहिती’ या दोन शब्दांनी मला एकदा चांगलाच धडा दिला. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातून एका पक्षकाराच्या मामांचे प्रतिज्ञापत्र गेले. टंकलेखकाने जुन्या नमुन्यावरून मजकूर उतरवला होता, ‘प्रसूतीच्या वेळी मी स्वतः इस्पितळात हजर होतो’ हे वाक्य त्यात तसेच राहिले, आणि मी ते वरवर वाचून पुढे पाठवले. मामांचे वय त्याच कागदाच्या पहिल्या ओळीत लिहिलेले होते. वजाबाकी केली असती तर प्रसूतीच्या वेळी ते चार वर्षांचे होते हे मला दिसले असते. ती वजाबाकी तिकडच्या अधिकाऱ्याने केली. प्रकरण पुढे निभावले, पण पाच महिने वाया गेले आणि दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून छापील नमुना मी वापरत नाही. साक्षीदाराला समोर बसवतो आणि त्याला काय आठवते ते विचारतो. आत्या म्हणाल्या की ‘पाऊस होता, मी डबा घेऊन सायकलवर गेले होते, बाळ दुसऱ्या दिवशी पाहिले’, तर प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या दिवशी पाहिले असेच लिहितो. साक्षीदाराचे नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख, नाते, आणि बाळाची जन्मतारीख, जन्मस्थळ व दोन्ही पालकांची नावे त्याला कशी माहीत, एवढे त्यात आलेच पाहिजे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा मुद्रांक मागे पडून ५०० रुपयांचा आला आहे. जुना १०० चा कागद घरात पडून असेल तर तो वापरू नये.

यातच एक अप्रिय गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या आईंचे किंवा आत्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर नोंद सापडण्याची वाट न पाहता त्यांची प्रतिज्ञापत्रे आताच करून घ्यावीत. ती वापरावी लागली नाहीत तर फारसे बिघडत नाही. नोंद न मिळाल्याचे कळेपर्यंत साक्षीदार सही करण्याच्या अवस्थेत राहिलेला नाही, हे मी तीन घरांत पाहिले आहे.

पत्नींच्या कागदांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या बाबतीत नोंद आहे, फक्त ती पासपोर्टपर्यंत पोहोचत नाही. वाईच्या नोंदीत तारीख, ‘मुलगी’ आणि त्यांच्या आईवडिलांची नावे असतील. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच तारीख, तेच वडील आणि माहेरचे पूर्ण नाव असेल. आपला विवाह पुण्यात १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे. त्याच्या नमुना ‘ई’ मधील प्रमाणपत्रावर वधूचे माहेरचे नाव आणि वर म्हणून आपण असाल. येथपर्यंत वाट सरळ आहे. तुटते ती यापुढे, कारण समजा माहेरचे नाव सुलभा आणि पासपोर्टवर अनघा असेल, तर सुलभाची अनघा झाली हे सांगणारा कागद कोठेच नाही. आडनाव बदलले हे विवाह प्रमाणपत्रावरून कोणीही समजू शकतो. पहिले नाव बदलते ही रीत महाराष्ट्राबाहेर भारतातही पुष्कळांना ठाऊक नसते.

या एका तुटलेल्या जागी शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी उपयोगी पडते, आणि मी ती करून घेण्यास सांगेन. जुने नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे आणि नवे नाव पासपोर्टप्रमाणे, एका अक्षराचाही फरक न करता द्यावे, आणि कारणाच्या जागी विवाह लिहावा. राजपत्राची तारीख आजची आणि पासपोर्टवरील नाव मात्र कित्येक वर्षांपासूनचे, हे विचित्र दिसेल अशी आपल्याला शंका येईल. म्हणून त्यासोबत पत्नींचे स्वतःचे एक प्रतिज्ञापत्र जोडावे, ज्यात विवाहाच्या दिवसापासून आपण हेच नाव वापरत आहोत हे नमूद असेल. लग्नपत्रिका, विवाहानंतरचे जुने शिधापत्रक किंवा बँकेचे पुस्तक घरात असेल तर तेही जपून ठेवावे. मात्र इंग्रजी अक्षरयोजनेतील फरकांसाठी, म्हणजे एका ठिकाणी व्ही आणि दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू अशा गोष्टींसाठी, राजपत्राच्या मागे लागू नये. तो नावबदल नव्हेच, आणि त्याला नावबदल म्हटल्याने उगाच नवा प्रश्न उभा राहतो.

आणखी एक सांगायचे ते असे की ग्रीन कार्डाच्या अर्जातच पूर्वी वापरलेली इतर सर्व नावे लिहिण्यासाठी जागा असते. नाव जुळत नाही या भीतीने लोक नेमकी तीच जागा कोरी सोडतात. माहेरचे नाव, अर्धवट लिहिलेले नाव, वडिलांचे नाव वगळून लिहिलेले नाव, जे जे कोणत्याही सरकारी किंवा शाळेच्या कागदावर आले असेल ते सर्व तेथे लिहावे. दोन नावे असण्याने अर्ज अडत नाही. एक नाव अर्जात नाही आणि जोडलेल्या कागदात आहे, म्हणून तो अडतो.

वाईच्या नोंदीत नाव भरून घ्यावे का, हा प्रश्न उरतो. जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत बाळाचे नाव नोंदवता येते. पंधरा वर्षांपलीकडच्या जुन्या नोंदींसाठी महाराष्ट्रात वेळोवेळी मुदतवाढ मिळालेली आहे, त्यामुळे अर्ज देण्याच्या दिवशी कोणते परिपत्रक चालू आहे ते नगरपरिषदेत विचारून घ्यावे. मुदत चालू असेल तर नाव अवश्य भरावे, पण ते जन्माचे, म्हणजे माहेरचे नाव असले पाहिजे. हे बजावून सांगण्याचे कारण असे की पत्नीच्या जन्मदाखल्यावर मधले नाव म्हणून नवऱ्याचे नाव आणि पुढे सासरचे आडनाव भरून घेतलेले दाखले माझ्या टेबलावर आलेले आहेत. १९८४ साली जन्मलेल्या मुलीचा नवरा त्याच साली रजिस्टरात कसा आला, याचे उत्तर मग कोणालाच देता येत नाही. मुदत नसेल तर नाव नसलेला दाखला आहे तसाच घ्यावा आणि त्याच्या जोडीला शाळेचा दाखला व प्रतिज्ञापत्रे द्यावीत. नोंदीत काही चुकीचे असल्यास कलम १५ खाली दुरुस्ती होते. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख टाकतो. एखादा एजंट ‘पानच नवे करून देतो’ म्हणाला तर त्याच्याकडून दिलेले कागद त्याच दिवशी परत घ्यावेत.

तिसऱ्या एजंटाच्या सल्ल्याविषयी, म्हणजे पासपोर्ट बदलण्याविषयी, मी इतका विरोधात का आहे ते आता सांगतो. व्हिसा, एच-४ (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबीयांचा दर्जा) ची मंजुरी, आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद), वाहन परवाना, बँक, शाळेतील पालकांची नोंद, हे सर्व पत्नींच्या आजच्या पासपोर्टवरील नावाला बांधलेले आहे. अर्ज तोंडावर असताना तो खुंटाच उपटला तर सुटलेल्या दोऱ्या बांधत बसण्यात वर्ष जाईल, आणि तोपर्यंत अर्जाची संधी हातची गेलेली असेल. मुदत संपत आलेली असेल तर पासपोर्टचे नूतनीकरण वेळेत करावे, नाव तेच ठेवून.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर सर्वांचे आय-९४ तपासून पाहा. अमेरिकेत प्रवेश करताना पासपोर्टची मुदत व्हिसाच्या मंजुरीपेक्षा आधी संपत असेल तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच मिळू शकतो. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे सुटीत पुण्याला येऊन परतलेल्या कुटुंबात आईवडिलांची तारीख एक आणि मुलीची दुसरीच, असे घडते, आणि ते लक्षात येते तेव्हा मुलीची तारीख उलटून गेलेली असते. नवा पासपोर्ट काढल्याने ही तारीख आपोआप वाढत नाही. आपली थोरली मुलगी याच गटातील आहे, म्हणून आज रात्रीच पाहून घ्यावे.

थोरल्या मुलीच्या दाखल्याचे काम मात्र सोपे आहे आणि तेच सर्वांत आधी उरकावे, कारण तिची पंधरा वर्षे २०२७ मध्ये संपतात. आपण दोघांनी सही केलेला अर्ज, तिच्या पासपोर्टची प्रत आणि बंधूंच्या किंवा आजोबांच्या नावे अधिकारपत्र पाठवावे. काही कार्यालये साध्या अधिकारपत्रावर काम करतात, काही भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मागतात. फोन करून विचारल्याशिवाय पाठवू नये. अर्जात इंग्रजी नाव पासपोर्टवरून पाहून लिहावे आणि दाखला छापण्यापूर्वी पडद्यावरची अक्षरे आजोबांना एकेक करून वाचायला सांगावीत. ‘गौरी’ मधील दुसरे अक्षर ए की ओ, यावरून मी पुन्हा वाईला गेलेलो आहे.

धाकटी मुलगी अमेरिकेत जन्मल्याने तेथील नागरिक आहे आणि या अर्जात तिचा प्रश्न येत नाही. तिच्या ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणाऱ्या कार्डाच्या, वेळी आपले विवाह प्रमाणपत्र पुन्हा लागेल, म्हणून त्याच्या दोन जास्तीच्या प्रमाणित प्रती आताच काढून ठेवाव्यात.

अपोस्टिलविषयी फार लिहीत नाही. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे आणि अनेक देशांसाठी ती आवश्यकही असते, परंतु अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जासाठी भारतीय जन्मदाखल्यावर अपोस्टिल लागत नाही. वकिलाने लेखी मागितले नसेल तर तो खर्च वाचवावा. भाषांतराचेही तसेच आहे. मराठी कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते पूर्ण व अचूक असून आपण दोन्ही भाषा जाणतो असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायला हवे. भाषांतरात शिक्क्यावरील मजकूर आणि समासातील टिपाही आल्या पाहिजेत. ते करणारा आपल्या कुटुंबाबाहेरचा असावा असे मी सुचवतो. नियमाने तसे बंधन नाही, पण शंकेला जागा उरत नाही.

अर्ज दिल्यानंतर आणखी पुराव्याची मागणी आली तर उत्तरासाठी अधिकाधिक बारा आठवडे मिळतात, आणि मागितलेले सर्व एकदमच द्यावे लागते. अर्धे आता आणि अर्धे नंतर असे चालत नाही. जेवढे दिले तेवढ्यावरच निर्णय होतो. वाई आणि कॅम्प येथील दोन कार्यालयांतून बारा आठवड्यांत सगळे उभे करणे अवघड असते, म्हणूनच ही तयारी मागणी येण्यापूर्वी करायची.

तेव्हा क्रम असा ठेवावा: या आठवड्यात वाईला थोरल्या मुलीच्या नावाचा अर्ज आणि त्याच फेरीत पत्नींच्या नोंदीची चौकशी, त्याच सुमारास बंधूंनी कॅन्टोन्मेंट बोर्डात वडिलांच्या नावाने मूळ रजिस्टर पाहणे, आत्यांचे प्रतिज्ञापत्र, आणि त्यानंतर राजपत्राचा अर्ज. बंधूंना पान सापडले तर दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी नोंदीची तारीख आणि आईंचे नाव जसे लिहिले आहे तसे मला येथेच कळवा. १९८१ च्या रजिस्टरांत आईच्या नावापुढे तिच्या वडिलांचे नाव लिहिलेले कधी कधी आढळते. तसे असेल तर दाखल्याबरोबर आईंच्या विवाहाचा काही पुरावाही काढावा लागेल, आणि तो कोठे शोधायचा हे त्या नावावरूनच ठरेल.